न जोडलेली नळी

हडपसरच्या गाडीतळामागे एका पत्र्याच्या शेडमध्ये माणूस सुट्या भागांत मिळतो. भिंतीवर खिळ्यांना कान टांगलेले, फळीवर हृदयांची रांग, कोपऱ्यात पोत्यात किडन्या आणि खिडकीत उन्हाला वाळत घातलेली आतडी. एकदा एक नवा कुरिअरवाला डोळ्यांनी भरलेली परडी बघून सही न घेताच पसार झाला होता. शेडचे मालक रहीम मणियार, म्हणजे सगळ्या गल्लीचे रहीमचाचा, शाळा-कॉलेजांसाठी फायबरची शरीरं बनवायचे. सत्तावीस वर्षं हाच धंदा. त्याआधी ते लक्ष्मी रोडच्या दुकानांसाठी साड्या नेसवायचे पुतळे करत. पण ते पुतळे आतून पोकळ, आणि चाचांना ओढ पहिल्यापासून आतल्या गोष्टींची.

त्यातही दोन मॉडेलांवर त्यांचा फार जीव. एक पुरुषाच्या जननसंस्थेचं, एक स्त्रीच्या. लोक ज्याचं नाव घेताना आवाज खाली आणतात, ते चाचा दिवसभर मांडीवर घेऊन घासायचे, रंगवायचे आणि बनवणाऱ्याला मनातल्या मनात सलाम करायचे. "मेंदूचं काय एवढं कौतुक," ते म्हणायचे, "मेंदू एकटाच बसून काम करतो. हे यंत्र बघा. अर्धं एका घरात, अर्धं दुसऱ्या घरात, आणि तरी माप बरोबर!"

पुरुषाचं मॉडेल रंगवताना तर त्यांना बोलायला कोणी लागायचंच. बहुतेक वेळा तो मान रंगकाम करणाऱ्या उत्तरेश्वरला मिळायचा. उत्तरेश्वर पन्नाशीचा, बार्शीकडचा, मुळात कमी बोलणारा. त्यामुळे चाचांचं चांगलं फावायचं. "वृषण बाहेर का लटकतात सांग? आतल्या उबेत बी धरत नाही. दोन-तीन डिग्री थंडावा लागतो, म्हणून ती खोली घराबाहेर ओसरीवर काढलीय. थंडी पडली की स्नायू ती खोली अंगाशी ओढून घेतो, उकडायला लागलं की सैल सोडतो. आणि त्याच्या पाठीशी ही बोटभर पट्टी आहे ना, हिच्यात वीस फूट नळी गुंडाळलेली आहे. वीस फूट!" हे पहिल्यांदा कळलं तेव्हा चाचांनी वीस फूट दोरा मोजून बोटाच्या पेराएवढ्या जागेत गुंडाळायचा चंग बांधला होता. संध्याकाळपर्यंत त्याचा आवळ्याएवढा गुंता झाला आणि तो कात्रीने सोडवावा लागला. तेव्हापासून त्या नळीबद्दल त्यांचा आदर दुप्पट झाला.

चाचा शिकले दहावी नापासपर्यंत. पण नातलगांत कोणाच्या पोटात दुखलं की रिपोर्ट आधी त्यांच्याकडे यायचा आणि मग डॉक्टरकडे. चाचा चष्मा कपाळावर चढवून फळीवरचा योग्य तो अवयव काढायचे आणि समजावून सांगायचे. "यांच्या गळ्यात ती नळी तेवढी घालायची राहिलीय," असं त्यांची बायको हुस्नबानू म्हणायची. पण तिलाही त्यांचा अभिमान होताच. घरात चाचांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. आणि याच शब्दानं घरात केवढा घोळ घातला होता, ते त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

त्यांची एकुलती एक मुलगी नाजिमा. वय एकतीस, विश्रांतवाडीच्या एका बँकेत नोकरीला, सासर वाघोलीला. नवरा एजाज खराडीत एका कंपनीत. सरळ, मितभाषी पोरगा. नाजिमा एकोणीस वर्षांची असताना तिच्या उजव्या अंडाशयाला गाठ झाली, ती पिळवटली, आणि ते अंडाशय काढावं लागलं. एकावर भागतं, काही बिघडत नाही, असं तेव्हा सगळे म्हणाले, आणि खरंच काही बिघडलं नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी दिवसही गेले. पण तो गर्भ गर्भाशयात पोचलाच नाही. वाटेतच, डावीकडच्या नळीत, अडकून रुजला. नळी फाटली. रक्त वाहायला लागलं, आणि मुलगी वाचवायची तर डावी नळी काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आता हिशेब असा उरला: डावीकडे अंडाशय आहे, पण नळी नाही. उजवीकडे नळी आहे, पण अंडाशय नाही.

ऑपरेशन करणारा डॉक्टर तरुण आणि घाईतला होता. "बऱ्या होऊन या, मग सविस्तर बोलू," एवढंच तो नाजिमाला म्हणाला. पण नाजिमाला दवाखान्याचा वासही नको झाला होता. तीन आठवड्यांनी ती शेडमध्ये आली, चाचांच्या समोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "अब्बा, तुम्ही सांगा. खरं काय ते."

चाचांनी फळीवरून मॉडेल काढलं आणि मांडीवर ठेवलं. मधे पेरूएवढं गर्भाशय, दोन बाजूंना पसरलेल्या दोन नळ्या, आणि प्रत्येक नळीच्या टोकाला घट्ट बसवलेलं बदामाएवढं अंडाशय. "बेटा, इकडे टाकी आहे, नळ नाही," ते म्हणाले. "तिकडे नळ आहे, टाकी नाही. पाणी येणार कुठून?" मुलीशी खोटं बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. नाजिमा रडली नाही. तिने तो जोड बोटाने दोनदा चाचपून बघितला आणि मान हलवली.

त्याला आता आठ महिने झाले होते. सहा महिने ती वाघोलीला गप्प गप्प राहिली आणि दोन महिन्यांपूर्वी बॅग घेऊन माहेरी आली. म्हणाली, "एजाजला मुलांचं किती वेड आहे ते मला माहीत आहे. माझ्यापायी त्याचं घर रिकामं राहायला नको. मी खुला मागणार." खुला म्हणजे बायकोने स्वतःहून मागितलेली फारकत. हुस्नबानूने रडून बघितलं, रागावून बघितलं. पोरगी ढिम्म. शेवटी येत्या रविवारी दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसतील आणि काय ते ठरवतील, असं ठरलं. एजाज मात्र रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की हडपसरला यायचा, चहा प्यायचा, अर्धा तास खुर्चीत बसायचा आणि जायचा. ना भांडण, ना विनवणी. चाचांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला होता: पोरगा सभ्य आहे, 'हो' म्हणायला जीभ रेटत नाही, बाकी काही नाही.

रविवारच्या आधीचा गुरुवार. शहरातल्या एका मेडिकल कॉलेजला दोन्ही मॉडेलं पसंतीसाठी दाखवायची होती. तिथल्या शरीररचना विभागाच्या प्रमुख डॉ. शर्मिला ओव्हाळ नव्यानेच आल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे भले भले घसा साफ करून मगच तोंड उघडतात असं चाचांच्या कानावर आलं होतं. चाचा दोन्ही मॉडेलं चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन बसने निघाले. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "मूर्ती आहे का हो?" चाचा म्हणाले, "तसंच समजा." बाईंनी लगेच नमस्कार केला. चाचांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

डॉ. ओव्हाळांनी आधी पुरुषाचं मॉडेल उचललं. चष्म्यावरून, चष्म्यातून, उलटं, सुलटं बघितलं. "शुक्रवाहिनी वर चढून, मूत्रवाहिनीला ओलांडून मग मूत्राशयामागे उतरवलीत. बरोबर. निम्मे लोक खालून नेतात. डावं वृषण थोडं खाली ठेवलंय, तेही बरोबर." चाचांची छाती दोन इंच फुगली.

मग त्यांनी स्त्रीचं मॉडेल घेतलं. खिशातलं पेन काढलं आणि त्याचं टोक नळी आणि अंडाशय यांच्या मधे घालायचा प्रयत्न केला. टोक जाईना.

"मणियार, इथे काय लावलंय?"

"जोड आहे मॅडम. पक्का. सत्तावीस वर्षांत एक तक्रार नाही."

"तक्रार येईल कशी? हा धडा आला की मास्तर म्हणतात, घरी वाचा. आणि मॉडेल जातं कपाटात. तुमचं हे मॉडेल आजवर कोणी डोळे उघडून बघितलेलंच नाही." त्यांनी पेन खिशात ठेवलं. "तिथे जोड नसतो."

"नसतो म्हणजे?"

"नसतो म्हणजे नसतो. चला."

विभागाच्या मागच्या खोलीत काचेच्या बरण्या होत्या. त्यातल्या एका बरणीपुढे बाईंनी चाचांना उभं केलं. आत पिवळसर पाण्यात खरीखुरी वस्तू होती: कोणा अनाम बाईने मरणानंतर दिलेलं दान. चाचांनी नकळत डोक्यावरची टोपी सारखी केली. गर्भाशय, तसंच पेरूएवढं. नळ्या, तशाच. पण नळीचं टोक अंडाशयाला कुठेही बुजवून बसवलेलं नव्हतं. ते मोकळं होतं. त्याला ओढणीच्या पदराला असते तशी झालर होती, आणि ती झालर अंडाशयाच्या कडेला नुसती झुकलेली होती. मधे पाणी होतं.

"अंडाशयाला भोक नाही, तोटी नाही," बाई सांगत होत्या. त्यांचा आवाज अजून कोरडाच होता, पण सांगण्यात गोडी आली होती. "महिन्यातून एकदा त्याची कातडी एका जागी फुगते, फुटते आणि बीज बाहेर पडतं. केवढं? तुम्ही वाक्याच्या शेवटी टिंब देता, तेवढं. बाहेर पडतं ते मोकळ्या पोटात. आणि त्या सुमाराला ही झालर रक्ताने भरून ताठ होते, अंडाशयावर ओणवी होते आणि त्याच्या अंगावरून हात फिरवत राहते. बीज सुटलं की झालरीवरचे बारीक केस ते आत लोटतात. नळीला कोणी सांगत नाही. तिला वेळ कळते, जागा कळते. मी तीस वर्षं हे शिकवतेय मणियार, आणि अजून मला या ठिकाणी आलं की वर्गात क्षणभर थांबावं लागतं."

चाचा ऐकत होते आणि त्यांना सत्तावीस वर्षांपूर्वीची एक दुपार आठवत होती. एका शाळेने दुरुस्तीला पाठवलेलं परदेशी मॉडेल त्यांच्यापुढे होतं. गर्भाशयाला चीर गेली होती ती त्यांनी बुजवली. मग बघतात तर दोन्ही नळ्यांची टोकं अंडाशयांपासून सुटलेली. त्यांना वाटलं, हेही तुटलंय. पोटात नळी अशी उघडी कोण सोडेल? नळाचं काम करणारा पोरही सोडणार नाही. त्यांनी दोन्हीकडे पुट्टी भरली, घासली, गुळगुळीत केली, स्वतःच्या कसबावर खूश झाले आणि त्याचाच साचा काढून ठेवला. पुढे त्या साच्यातून किती मॉडेलं निघाली आणि कुठल्या कुठल्या गावांच्या कपाटांत गेली, याची गणती नव्हती.

त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. पण ती साच्यामुळे नव्हे.

"मॅडम," ते म्हणाले, "ओळखीतली एक मुलगी आहे. तिचं उजवं अंडाशय काढलंय आणि डावी नळी काढलीय. डावं अंडाशय आहे, उजवी नळी आहे. तिला..."

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "ओळखीतली म्हणजे किती ओळखीतली?"

"माझीच."

बाईंनी एक खुर्ची ओढली. "बसा, रहीमभाई." आणि त्या स्वतः समोरच्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. "हे बघा. गर्भाशयाच्या मागे एक खळगा आहे. दोन्हीकडच्या झालरी त्याच्याच आसपास हलत असतात. उजवी नळी उजवीकडचंच बीज घेईन असा हट्ट धरत नाही. डावीकडून सुटलेलं बीज खळग्यातल्या पाण्यात आलं की ती ते उचलू शकते. कधी कधी सरळ पलीकडे झुकून अंडाशयापर्यंत पोचते. एका बाजूची नळी आणि दुसऱ्या बाजूचं अंडाशय एवढ्या भांडवलावर आई झालेल्या बायका आहेत. पुस्तकात नोंदी आहेत, मी मनाचं सांगत नाही. खात्री देत नाही, हेही लक्षात ठेवा. नळी आतून मोकळी आहे का ते तपासावं लागेल. वेळ लागू शकतो. दिवस गेले तर पहिल्याच आठवड्यात दवाखाना गाठायचा, कारण पुन्हा नळीत अडकायचा धोका असतो. आणि नाहीच झालं, तर दुसरे उपायही आहेत. पण अशक्य? अशक्य कोणी सांगितलं? त्या माणसाला माझ्याकडे पाठवून द्या."

"तो आलाय मॅडम," चाचा म्हणाले.

बाई यावर काहीच बोलल्या नाहीत, आणि पुण्यात यापेक्षा मोठी माया कोणी कोणावर करत नाही. थोड्या वेळाने त्यांनी शिपायाला चहा सांगितला.

शेडवर परत आल्यावर चाचांनी करवतीचं बारीक पातं काढलं आणि तयार ठेवलेल्या अकरा मॉडेलांचे बावीस जोड एकामागून एक कापायला घेतले. उत्तरेश्वर ब्रश हातात धरून बघत राहिला. "चाचा, चांगला जोड हाय की. कशापायी तोडताय?"

"चुकीचा आहे."

"एवढी वर्सं बरा होता?"

"एवढी वर्षं चुकीचा होता," चाचा म्हणाले, आणि उत्तरेश्वरने पुढे विचारलं नाही.

कापून झाल्यावर चाचांनी नळ्यांच्या टोकांवर मऊ रबराची झालर चढवली, ती अंडाशयावर नुसती ओणवी केली आणि मधे बोटभर जागा सोडली. बघता बघता ते स्वतःचं दुःख विसरले. काय डोकं लावलंय! सगळ्या पोटात हीच एक जागा उघडी सोडलीय, आणि कामही सगळ्यात नाजूक तिथेच चालतं. त्यांच्यासारखा कारागीर असता तर भीतीपोटी बुजवून टाकली असती. टाकलीच होती.

पण नाजिमाला सांगायचं कसं? चाचा काही संत नव्हते. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. "एक नवीन उपचार निघालाय म्हणे" असं म्हणावं, म्हणजे पोरगीही राहील आणि आपली अब्रूही, हा विचार त्यांच्या मनात दहादा येऊन गेला. आयुष्यभर लोकांचे रिपोर्ट वाचले, आणि स्वतःच्या लेकीचा चुकीचा वाचला, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? जेवण घशाखाली उतरेना. शनिवारी सकाळी हुस्नबानूने ताट सरकवून विचारलं, "अहो, झालंय तरी काय?" तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं.

"मला काय सांगता?" ती म्हणाली. "जिचं आहे तिला सांगा. आणि आजच सांगा. उद्या माणसं येणार आहेत."

संध्याकाळी एजाज नेहमीच्या वेळी आला, नेहमीच्या खुर्चीत बसला. हुस्नबानूने चहा ठेवला. नाजिमा बँकेतून येऊन कोपऱ्यात बसली होती. चाचा शेडमधून नवं मॉडेल घेऊन वर घरी आले, ते टीपॉयवर ठेवलं आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "बेटा, मी तुला चुकीचं सांगितलं होतं."

मग त्यांनी काही म्हणजे काही राखून ठेवलं नाही. परदेशी मॉडेल, पुट्टी, साचा, बरणी, डॉक्टरबाई, सगळं. "मला वाटलं तुटलंय म्हणून मी जोडलं," ते म्हणाले. "ते तुटलेलं नव्हतंच. ते तसंच असतं. हात आण तुझा." नाजिमाने हात पुढे केला. चाचांनी तिची मूठ मिटवली आणि तिच्यावर आपली पाच बोटं पसरून धरली, स्पर्श न करता. "ही तुझी मूठ म्हणजे अंडाशय. ही बोटं म्हणजे नळीचं टोक. चिकटलेलं नाही. पण महिन्यातून एकदा हे असं पुढे येतं, असं फिरतं, आणि बीज सुटलं की उचलून नेतं. या बाजूचं नसलं तर त्या बाजूचं. डॉक्टरबाई खात्री देत नाहीत. तपासण्या आहेत, वेळ लागेल, धोकाही आहे. मी तुला मूल होईल असं सांगत नाही. मी 'होणार नाही' असं सांगितलं होतं ना, ते खोटं होतं, एवढंच सांगतोय."

नाजिमाने आपली मूठ मागे घेतली.

"आठ महिने अब्बा," ती म्हणाली. "आठ महिने मी पुट्टीच्या एका गोळ्यासाठी रडले." आणि मग ती खरोखरच रडली, एवढ्या दिवसांचं साठलेलं सगळं. हुस्नबानू तिच्याजवळ जाऊन बसली. चाचा उभेच होते. पोरीने चार शब्द सुनावावेत, कप फेकावा, काहीही करावं, असं त्यांना वाटत होतं. माफ कर म्हणायचीही त्यांना लाज वाटली.

नाजिमाने डोळे पुसले आणि एजाजकडे बघितलं. "तू काही बोलत का नाहीस? कळलं का तुला अब्बा काय म्हणतायत?"

"मला माहीत होतं," एजाज म्हणाला.

नाजिमा एकदम उभी राहिली.

"म्हणजे?"

"ऑपरेशननंतर महिन्याभराने मी फाइल घेऊन एकटाच त्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी हेच सांगितलं. घरी येऊन मी तुला सांगितलंही. आठव. तू भांडी लावत होतीस."

नाजिमा आठवत राहिली. आठवलं तसा तिचा चेहरा उतरला. "मी काय म्हणाले होते?"

एजाजने एकदा चाचांकडे बघितलं, मग खाली. "म्हणालीस, माझ्या अब्बांनी अशी हजार बनवलीत. तुझ्या डॉक्टरने एकदा उघडून बघितलं म्हणून त्याला जास्त कळतं का?"

चाचा आता खाली बसले. जावयाचा खरा शब्द त्यांच्या खोट्या शब्दापुढे हरला होता, कारण घरात त्यांच्या शब्दाला तेवढा मान होता. त्या मानाची त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली.

"मग दुसऱ्यांदा का नाही सांगितलंस?" नाजिमा ओरडलीच. "दोन महिने रोज इथे येऊन नुसता चहा पितोस! उद्या सगळं मोडणार होतं एजाज!"

"रोज सांगायचं ठरवूनच यायचो," तो म्हणाला. "पण मग वाटायचं, मूल होऊ शकतं म्हणून तू परत आलीस, आणि नाहीच झालं, तर तू पुन्हा बॅग भरणार. दर महिन्याला मी तुझ्या बॅगेकडे बघत बसणार. मला तशी नको होतीस तू. मूल होवो, न होवो, माझ्याकडे यायचं म्हणून यायला हवी होतीस." एवढं लांबलचक तो त्या घरात प्रथमच बोलला होता. तो थांबला आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला. "मला मुलं आवडतात. खूप आवडतात. पण लग्न मी तुझ्याशी केलंय."

खाली कोणाची तरी रिक्षा सुरू होत नव्हती, तिची घरघर ऐकू येत राहिली.

"उद्या मोठी माणसं येणार आहेत," नाजिमा हळूच म्हणाली.

"येऊ देत," एजाज म्हणाला. "बिर्याणी खाऊन जातील."

"बिर्याणी करते म्हणून कोण म्हणालं?" हुस्नबानू डोळे पुसत म्हणाली, पण उठून तिने तांदळाचा डबा किती भरलाय ते बघितलंच.

नाजिमा गॅलरीच्या दारापर्यंत गेली आणि तिथूनच, मागे न वळता म्हणाली, "बाइकवर आलायस ना? माझं हेल्मेट वाघोलीलाच राहिलंय."

"नाही," एजाज म्हणाला. "दोन महिने रोज बरोबर घेऊन येतोय."

ज्या गावात लोक स्वतःचं एक हेल्मेट घालावं लागू नये म्हणून कोर्टाशी भांडतात, तिथे हा माणूस साठ दिवस दोन घेऊन फिरत होता. चाचा उठून मुलीच्या मागे उभे राहिले आणि खाली बघितलं. बाइकच्या आरशावर एक काळं हेल्मेट अडकवलेलं होतं, आणि मागच्या सीटवर रबरी दोरीने नीट बांधलेलं नाजिमाचं निळं.

नाजिमा ते बघत राहिली. मग वळली. चाचांना वाटलं, आता ती एजाजकडे जाईल. पण ती आधी त्यांच्यापुढे येऊन थांबली.

"अब्बा," ती म्हणाली, "माझी बॅग माळ्यावर ठेवलीय. माझा हात पोचत नाही. काढून देता?"